म्युन्सिपालटीची दवावाली

त्या मंगळवारी सकाळी बारवंवर कोन कोन हुतं ते आदी सांगते. गोदाकाकू हुत्या. त्येंची धाकटी सून यमुना, तिच्या खांद्यावर सव्वा महिन्याची पोर, सरू. थोरली सून पारबती. शेजारची तुळसा. म्युन्सिपालटीचा शिपाई मेहबूबभाई. आन् मी, चंद्रभागा. यातलं मी आन् सरू सोडून आता कुनी उरलं न्हाई. सरू तरी आसल आसं धरून चालते.

मला लिवता येत न्हाई. म्युन्सिपालटीत इतकी वर्सं पगाराला आंगठाच दिला. ह्ये माझी नात लिवून घेतीया. तिला म्हनलं, माझं बोलनं सुधरायला जाऊ नको, बोलते तसंच ऱ्हाऊ दे.

गावाचं नाव घेत न्हाई, तिथं त्या घरातली मानसं अजून नांदत्यात. नगर जिल्ह्यातलंच हाय. तवा मोठी लढाई चालू हुती. राकेल मिळत न्हव्हतं, ज्वारीला रांग लागायची. आमची म्युन्सिपालटी म्हंजे एक कौलारू कचेरी. आता नगराध्यक्ष म्हनत्यात, तवा परशिडेंट म्हनायचे. ते हुते अण्णासाहेब, बाजारपेठंत त्येंची आडत. सभेला दहाबारा मेंबर. एक कारकून, एक जोशीसाहेब म्हनून स्वच्छता इस्पेक्टर, मेहबूबभाई, झाडूवाले, कंदीलवाला. आन् मी दवावाली.

माझा मालक आदी म्युन्सिपालटीत पखालीनं पानी वाहायचा. उन्हाळ्यात एका इहिरीचा गाळ काढताना वरून दगूड आला आन् तिथंच गेला. मला दोन पोरी, थोरली चार वर्साची, धाकटी अंगावर पिती. आमी कोळी. आमच्या हातचं पानी बामनापास्नं वान्यापतूर समद्यांना चालायचं, म्हनून मालकाच्या जागी मला घेतलं. न्हाईतर बाईमानसाला कचेरीत कोन घेतंय. मेंबर लोकांत कुनीतरी म्हनलं म्हनं, "बाई इहिरीवर चढनार? पाय घसरला तर?" जोशीसाहेब म्हनले, "बायाच रोज चढतात, साहेब. पुरुषांचा पाय घसरतो."

काम काय ते सांगते. नगरहून पत्र्याचा डबा यायचा, त्यात जांभळे खडे. लाल दवा म्हनायची तिला. सांजच्याला, बायांचं पानी भरून झालं की दोराला गाठी मारल्याल्या त्यो दोर इहिरीत सोडायचा, किती गाठी पानी हाय ते बगायचं. त्या हिशेबानं जोशीसाहेबांनी मापून दिलेले खडे बालदीत घालायचे, काठीनं घोटायचे, आन् ती बालदी इहिरीत सोडून वर-खाली, वर-खाली करायची. पानी जांभळं व्हतं, मग गुलाबी. दवा टाकली की इहिरीच्या तोंडाला बाभळीची काटी लावायची, म्हंजे सकाळपतूर कुनी पानी भरायचं न्हाई. गावात समद्यांना ठावं, काटी लावली की इहीर बंद.

आता यातली मेख सांगते, ती ध्यानात ठिवा. सकाळी जाऊन बगायचं. पानी जरासं गुलाबी ऱ्हायलं आसलं तर दवा पुरली, पानी चांगलं. आन् रंग समदा उडून पानी नितळ झालं आसलं, तर पान्यात घान हाय, घानीनं दवा खाल्ली. जितक्या लवकर रंग जातो तितकं पानी वाईट. लोकांना ह्ये उलटं वाटायचं. लोकांना नितळ पानी दिसलं की बरं वाटायचं.

लोकांच्या तऱ्हा काय सांगू. एक सोवळ्यातली म्हातारी हुती, एकदा काटी काढल्यावर कळशी घिऊन आली, पानी बगितलं आन् मागं सरली. "चंद्रे, हे कुंकवाचं पाणी मी कसं गं पिऊ? मला कुंकू चालत नाही." मी म्हनले, "काकू, हे कुंकू न्हाई, सरकारी दवा हाय." तर म्हनती, "सरकारला काय ठाऊक, मी विधवा आहे ते!" दुपारपतूर बिचारी तशीच तहानेली बसली. एक तालमीतला पैलवान कचेरीत भांडायला आला, दवाच्या पान्यानं अंगातली रग जाती म्हनून. मेहबूबभाईनं इचारलं, "पैलवान, यंदा कुस्ती कितव्यांदा हरला?" त्यो गेला निघून.

गावाबाहेरच्या वस्तीचा आड येगळा हुता. त्या लोकांना गावच्या इहिरीवर पाय ठिवू देत न्हव्हते. तिथंबी दवा मीच टाकायची. तर बाजार गल्लीतल्या बाया म्हनायच्या, "तीच बालदी आमच्या इहिरीत?" मग साहेबांनी दोन बालद्या दिल्या. मी कवा कवा बालद्या बदलायची इसरायची. मुद्दाम न्हाई. कवा कवा मुद्दामबी.

आसं चाललं हुतं. मग त्या उन्हाळ्यात बाजार गल्लीत एक गाडीवान उलट्या-जुलाबानं गेला. दुसऱ्या दिवशी त्येची बायकू. पटकी. तिचं नाव घेतलं की लोकं गाव सोडून रानात राहायला जायचे. त्या गाडीवानाची कापडं त्येच्या म्हातारीनं कुठं धुतली, तर बाजारातल्या बारवंच्या पायऱ्यांवर. बारव म्हंजे पायऱ्या उतरून पान्याला जायची इहीर. आमची लई जुनी, घडीव दगडाची, अर्धं गाव तिच्यावर.

रविवारी सांजंला मी बारवंत दवा टाकली. डब्यात खडे थोडेच उरले हुते, लढाईमुळं नवा डबा येळंवर येत न्हव्हता. जवढे हुते तेवढे घातले. पानी गुलाबी झालं. मी काटी लावून पायरीवर बसले, दम खाल्ला. उठून बगते तर रंग गेल्याला. दिवस मावळायच्या आत. मी मालकाबरुबर आन् मालकामागं इतक्या इहिरी बगितल्या, आसं कवा बगितलं न्हव्हतं.

सोमवारी सकाळी साहेबांना सांगितलं. त्येंनी सायकल घेतली ती थेट कचेरीत. दुपारी सभा भरली. मला भाईर बाकाजवळ खाली बसवलं, मग आत बोलवलं. साहेब म्हनले, "चंद्राबाई, रंग किती वेळ टिकला ते सांगा."

"घटकाभर न्हाई टिकला," मी म्हनले.

अण्णासाहेब म्हनले, "म्हणजे पाणी स्वच्छ झालं की."

"उलटं आहे, अण्णासाहेब," साहेब म्हनले. "बारव आठ दिवस बंद करा. आजच दवंडी पिटा, पटकी आहे म्हणून. पाणी उकळून प्यायला सांगा."

समदे मेंबर एकमेकांकडं बघाय लागले. परवा बुधवार, बुधवारी बैलबाजार. कुठनं कुठनं लोकं जनावरं घिऊन यायची. पटकीची दवंडी पिटली तर येसीच्या आत कुनी पाऊल ठिवलं नसतं.

अण्णासाहेब वरडले न्हाईत. वरडले आसते तर मला बरं वाटलं आसतं. शांतपनी म्हनले, "जोशी, तुम्ही नोकरीवाले. तुमचा पगार येतो. या बाजारावर आठवडाभर चूल पेटते लोकांची. माळणी, कासार, हमाल. त्यांना मी काय सांगू? बारव बंद करा, मी नाही म्हणत नाही. गाळ काढायचा म्हणून बंद करा. गुरुवारी पिटा दवंडी, हवी तितकी." मग माझ्याकडं वळले. "चंद्रे, तुझ्या मालकाच्या मागं तुला कुणी ठेवलं?"

"तुमी, अण्णा."

"पोरी बऱ्या आहेत ना?"

"हायेत."

"मग तो शब्द तुझ्या तोंडून निघायचा नाही. बुधवारपर्यंत."

ठराव झाला. गाळ काढन्यासाठी बारव बंद. साहेब खाली मान घालून सही करत हुते, त्येंचा टाक दोनदा अडकला. भाईर आल्यावर मेहबूबभाई म्हनला, "भाबी, मी वीस वर्सं डफ वाजवतो. हरवलेल्या म्हशीसाठी वाजवला, लिलावासाठी वाजवला. आज पयल्यांदा गप बसायचा हुकूम झाला."

मंगळवारी पहाटंच मी बारवंच्या तोंडाला बाभळीची दुहेरी काटी लावली. मेहबूबभाईला संगट बसवलं हुतं. येनाऱ्या बायांना सांगायचं, गाळ काढायचाय, तळ्यावरच्या इहिरीवर जा. बाया शिव्या द्यायच्या आन् जायच्या. एक म्हनली, "गाळ काढायला मानूस एक दिसंना, आन् पहारा मातर दोघांचा!" मेहबूबभाई म्हनला, "गाळ लाजाळू हाय बाई, बगितलं की वर येत न्हाई." ती हसली. मला हसायला आलं न्हाई.

ऊन वर आलं आन् गोदाकाकू आल्या. मागं यमुना, नवं हिरवं लुगडं, पदराखाली पोर. पारबतीच्या हातात पूजेचं ताट, तुळसाच्या डोक्यावर घुगऱ्यांची पाटी. बगितल्याबरुबर मला कळलं. बाळंतीन सव्वा महिन्यानं भाईर निघती ती पयली इहीर पुजाय. हळद-कुंकू वाहायचं, पाच खडे मांडायचे, घुगऱ्या वाटायच्या, आन् एक कळशी भरून घरी न्यायची. त्येंच्या घरात आनखी एक रीत हुती. बाळंतिनीनं पयल्या वंजळीतलं पानी बारवंवरच प्यायचं, म्हंजे आंगावरचं दूध आटत न्हाई.

यमुनाला आई न्हव्हती, म्हनून पयलं बाळंतपन सासरी झालं. तिचा भाऊ पुनतांब्याहून न्यायला आल्याला, बुधवारी बैलगाडी जायची हुती. इहीर पुजल्याबिगर बाळंतीन शीव वलांडत न्हाई.

मी उठून आडवी झाले. "काकू, आज बंद हाय. गाळ काढायचाय."

"काढा की," गोदाकाकू म्हनल्या. "आमी काय तुझ्या गाळाला हात लावतोय? दोन पायऱ्या उतरून पूजा करतो आन् जातो."

"तळ्यावरच्या इहिरीवर करा ना. ती पन इहीरच."

"अगं, माझी सासू इथं पुजली, मी इथं पुजले, ही पारबती इथं पुजली. आन् ह्या पोरीनं काय घोडं मारलंय? आई न्हाई म्हनून कुठंबी पुजायचं का तिनं?"

यमुना मान खाली घालून हुबी. अठरा-एकोनीस वर्साची आसल. लेकराच्या तोंडावर पदर धरून ऊन अडवत हुती. मला म्हनली, "मावशी, पटकन करते. पोर उन्हात हाय."

मी मेहबूबभाईकडं बगितलं. त्यो जिमिनीकडं बगत हुता. त्येला बी चार लेकरं.

एक शबूद हुता. 'पटकी' म्हनले आसते तर गोदाकाकू ताट तिथंच टाकून पळाल्या आसत्या. सुनंला धरून, पोरीला धरून. माझ्या जिभंवर आल्याला. आन् त्याच येळी मला माझ्या पोरी दिसल्या, दारात बसलेल्या. मी म्हनले, "पूजा करा. पानी पिऊ नका, गढूळ हाय."

"गढूळ?" पारबती काटीवरनं वाकून बगत म्हनली. "आत्याबाई, बगा तरी! तळ दिसतोय. आरशावानी नितळ हाय पानी!"

गोदाकाकू हसल्या. "चंद्रे, तुला आता डोळ्याची दवा टाकाय पायजे."

आन् मी काटी सरकवली. मीच. मेहबूबभाईनं न्हाई, अण्णासाहेबांनी न्हाई. मनाशी म्हनले, परवा दवा टाकलीया, थोडी तरी लागू पडली आसल. एक वंजळ पान्यानं काय व्हतंय. मी मला समजवत हुते आन् मला ठावं हुतं, नितळ म्हंजे काय.

त्येंनी पूजा केली. पारबतीनं वव्या म्हनल्या. नारळ फोडला, त्यो आतनं नासका निघाला, तवा गोदाकाकूंचं तोंड उतरलं. यमुना वंजळ भरून पानी प्याली. ऊन लई हुतं, तुळसा बी दोन वंजळी प्याली. मग मलाबी घुगऱ्या दिल्या, पदरात. मी खाल्ल्या न्हाईत. टाकल्याबी न्हाईत, बांधून ठिवल्या.

बुधवारी बाजार चांगला भरला. धुराळा उडत हुता, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांनी कान किटले. यमुनाच्या भावानं बैलजोडी बगायला म्हनून एक दिवस जास्ती थांबून घेतलं. गुरुवारी सकाळी गाडी जुपली आन् यमुनानं वकारी काढली.

जोशीसाहेबांबरुबर मी गेले. दार उघडलं तवाच वास आला, मला वळकीचा. डोळे खोल गेल्याले, हाताची कातडी सुरकुतलेली, म्हातारीवानी. पोर रडत हुती, तिला दुसऱ्या खोलीत नेऊन ठिवा म्हनून साहेब सांगत हुते. यमुना पानी मागत हुती. मी उकळून गार केल्यालं पानी चमच्यानं घातलं, साहेबांनी सांगितलं तसं. आत ऱ्हात न्हव्हतं. दुपार कलली तशी ती गेली. तुळसा शुक्रवारी गेली.

मग डफ वाजला. मेहबूबभाई समद्या गल्ल्यांतून फिरला, "ऐका हो ऐका, गावात पटकी हाय, पानी उकळून प्या, बारव बंद हाय!" वरडता वरडता त्येचा आवाज बसला. त्यो पुना आयुष्यभर तसाच ऱ्हायला, घोगरा.

एवढंच आसतं तर मी ह्ये लिवून घेतलंच नसतं. पटकीनं त्या उन्हाळ्यात आनखीबी मानसं गेली.

पन म्युन्सिपालटीच्या मरनाच्या वहीत यमुनाच्या नावापुढं कारकुनानं 'बाळंतरोग' लिवलं. तुळसापुढं 'ताप'. दोघी मंगळवारीच पानी प्याल्या हुत्या, म्हंजे बुधवारच्या बाजाराच्या आदी पटकी हुती, ते कागदावर यायला नको म्हनून. मेहबूबभाईनं मला सांगितलं. जोशीसाहेबांनी तवा तोंड उघडलं, तर पावसाळ्याच्या आत त्येंची बदली झाली. जाताना मला म्हनले, "चंद्राबाई, तुम्ही बरोबर सांगितलं होतंत." मी म्हनले, "साहेब, मी सांगितलं कुठं?" त्येंना वाटलं मी सभेचं बोलतीया.

कागदावरचं गावात पसरलं. बाळंतरोग म्हंजे बाळंतपनानं गेली, म्हंजे पोरीपायी गेली. चौदाव्याच्या दिवशी गोदाकाकू माझ्या दारात येऊन बसल्या. म्हनल्या, "चंद्रे, तू हुतीस. खरं सांग. पूजेत काय चुकलं का? का ती कार्टीच पांढऱ्या पायाची? नारळ नासका निघाला तवाच मला वळखू आलं हुतं."

तवा सांगायला पायजे हुतं. बाजार हून गेल्ता. 'बुधवारपर्यंत' म्हनले हुते अण्णासाहेब, बुधवार कवाच सरला हुता. माझी नोकरीबी जानार न्हाई आसं मला दिसत हुतं. पन आता सांगायचं म्हंजे, काकू, म्या काटी सरकवली, मला ठावं आसून, आसं सांगायचं. मी म्हनले, "पूजेत काय बी चुकलं न्हाई, काकू." पोरीबद्दल बोलले न्हाई. त्या उठून गेल्या. जे बोलले न्हाई त्येचा त्येंनी आर्थ लावला.

सरूला मामानं पुनतांब्याला नेलं. आजीनं ठिवून घेतलं न्हाई.

मी तिला पुना एकदाच बगितली. लढाई संपली हुती, सराज्य आल्तं, म्युन्सिपालटीवर झेंडा लागला हुता, अण्णासाहेबांच्या गळ्यात हार. गोदाकाकू वारल्या तवा दहाव्याला मामानं पोरीला आनलं. सहा-सात वर्साची. वट्यावर एकटी बसल्याली, तेल न लावल्याले केस. बाया स्वयंपाक करत हुत्या, एक दुसरीला म्हनली, आवाज बी कमी न करता, "हीच ती. आईला खाल्ली, आता आजीला." पोरीनं वर बगितलंबी न्हाई. दुसऱ्या कुनाला हाक मारल्यावर आपन बगतो तसंबी न्हाई. सवय झाल्याली.

मी तांब्या घिऊन गेले. पानी प्याली. मग म्हनली, "मावशी, तुमी माझ्या आईला बगितलं हुतं का?"

"व्हय."

"कशी हुती?"

"तुला ऊन लागू नये म्हनून पदर धरून हुबी ऱ्हायली हुती," मी म्हनले. "लई येळ."

"मग माझ्यामुळं का मेली?"

तिथं बायका हुत्या. मामा हुता. अण्णासाहेबबी आल्ते, पालखट घालून बसले हुते. मी म्हनले, "आसं बोलू नये गं." एवढंच. आन् तांब्या घिऊन आत गेले.

मी नोकरी शेवटपतूर केली. गावाला नळ आले तवा मला घरी बसवलं. शाल दिली, नारळ दिला. पुढाऱ्यानं भाषण केलं की ह्या बाईनं गावाला शुद्ध पानी पाजलं. टाळ्या झाल्या. माझ्या इहिरींत चांगल्या इहिरीबी लई हुत्या, ते मला म्हाईत हाय. कितीतरी लेकरं त्या गुलाबी पान्यावर वाढली. त्येचा मला आभिमान वाटतो, खोटं कशाला बोलू. पन त्या टाळ्यांत मी मान वर केली न्हाई.

अण्णासाहेब गेले, मेहबूबभाई गेला. मेहबूबभाई जायच्या आदी मला म्हनला, "भाबी, आपन दोघं तिथं गप बसलो, त्येचा जाब कुनीतरी इचारील आसं मला रोज वाटायचं. कुनी इचारलाच न्हाई." मी सरूचा मागोवा काढायला पुनतांब्याला दोनदा गेले. मामा शेत इकून कवाच गेल्ता. कुनी म्हनलं राहुरीकडं, कुनी म्हनलं पार पल्याड नदीच्या. पोरीचं लगीन झालं आसनार, नाव बदललं आसनार. आता ती पन्नाशीच्या आसपास आसल.

म्हनून ह्ये वाचनाऱ्यांना एक इनंती. तुमच्यात कुनाला सरू नावाची, मामाच्या घरी पुनतांब्याला वाढल्याली, सव्वा महिन्याची आसताना आई गेल्याली बाई ठावं आसली, तर तिला जाऊन सांगा. तिची आई यमुना पटकीनं गेली. बारवंच्या पान्यानं गेली. ते पानी वाईट हाय ते म्हाईत आसल्याली बाई तिथं हुबी हुती आन् ती बोलली न्हाई. त्या बाईचं नाव चंद्रभागा. पोरीनं काय बी केलं न्हव्हतं. मला भेटायला नका आनू तिला. निस्तं सांगा.